वकिलातीवरचा दुसरा हल्ला

शुक्रवारी सकाळी शैलजा मागच्या अंगणात गेली तेव्हा हल्लेखोर अजून घटनास्थळीच होते. पिवळा बोका भिंतीवर बसून मिशा चाटत होता आणि त्याची काळीपांढरी मंडळी खाली फरशीवर मन लावून उरलंसुरलं आटोपत होती. कपडे वाळत घालायच्या लोखंडी दांड्याला तिने आदल्या संध्याकाळी दह्याची गाठोडी टांगली होती, पाडव्याच्या श्रीखंडासाठी, अख्ख्या मराठी मंडळाला पुरतील एवढी. आता दांड्याला नुसत्या सुतळ्या लोंबत होत्या. फडकी फाटून खाली पडलेली, आणि चक्का म्हणावा असा चमचाभरही शिल्लक नाही.

तिला रडू आलं नाही. दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं तेव्हा ती ढसाढसा रडली होती. या वेळी मात्र तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता बघू या आमचे हे काय म्हणतात ते.

आमचे हे, म्हणजे श्याम, हॉलमध्ये सोफ्यावर मांडी घालून टीव्हीशी भांडत होते. कतारमधल्या मेसईदच्या खत कारखान्यात शिफ्ट इंजिनिअर असलेल्या या पुणेकर माणसाचा अमेरिकेशी संबंध एवढाच, की एक मावसभाऊ न्यू जर्सीत होता आणि तो यांचे फोन उचलत नसे. पण तिथल्या राजकारणात श्यामचा जीव अडकलेला. लिबियातल्या बेनगाझी शहरात अमेरिकेच्या कचेरीवर काही वर्षांपूर्वी हल्ला झाला होता, राजदूतासकट चार माणसं गेली होती. तेव्हापासून तिथल्या विरोधकांनी चौकशीमागून चौकशी लावली होती आणि त्यातली एक समिती अजूनही संपायचं नाव घेत नव्हती.

"बघितलास यांचा दुटप्पीपणा?" शैलजा दारात दिसताच श्याम म्हणाला. "अगं, यांच्याच आधीच्या अध्यक्षाच्या काळात जेद्दा, कराची, दमास्कस, सना, किती ठिकाणी हल्ले झाले! तिथेही माणसं मेलीच ना? तेव्हा हेच लोक म्हणत होते, ही वेळ राजकारणाची नाही. आणि आता स्वतःचं सरकार नाही म्हटल्यावर कोणी कोणाला कधी ईमेल केली इथपर्यंत खणताहेत!"

"अहो, वकिलातीवर हल्ला झालाय."

"तेच तर मघापासून सांगतोय मी."

"त्यांच्या नाही. आपल्या."

श्यामने टीव्हीचा आवाज बंद केला.

वकिलात म्हणजे त्यांचं राहतं घर. हे नाव शेजारच्या हमीदने ठेवलेलं. मूळचा रत्नागिरीचा हमीद हमद पोर्टला क्रेनच्या खात्यात होता आणि कंपनीच्या वसाहतीत भिंतीला भिंत लावून राहत होता. महाराष्ट्रातून कतारला नवा माणूस आला की तो पहिल्या रात्री श्याम-शैलजाकडे उतरणार, पिठलं-भात खाणार, लायसन्स कसं काढायचं आणि कुठल्या दुकानात कढीपत्ता मिळतो ते शिकणार, असा रिवाजच पडून गेला होता. "ही तुमची वकिलातच की," हमीद एकदा म्हणाला, आणि तेव्हापासून दोह्यातली माणसंसुद्धा फोनवर "या शुक्रवारी वकिलातीत आहात ना?" असं विचारू लागली. शैलजाला ते नाव आवडायचं. आपल्या घराला दार आहे पण कुलूप नाही, असं तिला त्यात ऐकू यायचं.

याच घराच्या मागच्या अंगणात मंडळाचा चक्का दर पाडव्याला टांगला जाई. तो बाहेरच का, हा प्रश्न कोणी मराठी बाईला विचारणार नाही. एवढं दही घरात टांगायला एकच जागा होती, पाहुण्यांच्या बाथरूममधला शॉवरचा दांडा. एसीचा गारवा, खाली गळायला टब, वर दाराला कडी. कोणत्याही इंजिनिअरने पाहिलं असतं तर तिथेच टांगा म्हणाला असता. पण त्याच बाथरूममध्ये कमोड होता. कमोडशेजारी देवाच्या नैवेद्याचा चक्का टांगायचा? एकवेळ मांजरांनी खाल्लेला परवडला. आणि तो मांजरांनी खाल्ला.

पहिला हल्ला झाला त्या वर्षी मंडळाचे अध्यक्ष होते अनंतराव. नाशिकचे, दोह्याच्या मेट्रोच्या कामावर, वयाने श्यामपेक्षा मोठे. मंडळात दोन गट होते, नाशिककर आणि पुणेकर. त्यांच्यात तत्त्वाचा मतभेद काय होता ते शैलजाने बरीच वर्षं शोधलं आणि तिला सापडला तो एवढाच, की नाशिककर श्रीखंडात वेलदोडा घालायचे आणि पुणेकर केशर. तरीही निवडणूक आली की दोन्हीकडचे लोक असे वागत, की कतारचा अमीरच निवडायचाय.

गंमत म्हणजे श्याम आणि अनंतराव सख्खे मित्र होते. दोघं एकाच वर्षी कतारला आले, एकाच मास्तरकडे गाडी शिकले आणि एकाच परीक्षेत तीनतीनदा नापास झाले. २०२२चा फुटबॉल वर्ल्डकप भरवायचा मान कतारला मिळाला त्या रात्री गाड्यांचे हॉर्न वाजत होते, झेंडे उडत होते, आणि हे दोन प्रौढ इंजिनिअर कॉर्निशवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून नाचले होते. फायनल दोघांनी मिळून बघायची, हे तेव्हाच ठरलं होतं.

असा मित्र अध्यक्ष असताना चक्का मांजरांनी खाल्ला आणि श्यामच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. त्याने चौकशी समितीची मागणी केली. समिती नेमली गेली आणि तिचा निमंत्रक अर्थातच तो स्वतः झाला. सुनावण्या याच हॉलमध्ये झाल्या. चक्का बाहेर टांगायला परवानगी कोणी दिली? धोका आहे हे अध्यक्षांना ठाऊक होतं का? असेल तर कधीपासून? आणि सर्वांत मोठा प्रश्न, ज्यावर पुढे अख्खी समिती जगली, तो हा: अनंतरावांनी सकाळी ग्रुपवर "वाऱ्याने गाठोडी पडली" असं का टाकलं आणि मांजरांचं नाव दुसऱ्या दिवशी का घेतलं? या मधल्या काळात नेमकं काय दडवलं जात होतं?

समितीची माणसं सोफ्यांवर बसत. अनंतरावांना बसायला जागा उरत नसे, म्हणून कोणीतरी स्वयंपाकघरातलं स्टूल आणून मध्यभागी ठेवलं. ते सवयीने दर वेळी तिथेच ठेवलं जाऊ लागलं. साठीला आलेला तो उंच माणूस गुडघे वर करून त्या स्टुलावर बसे आणि विचारतील त्याचं उत्तर देई. शैलजा सगळ्यांना चहा द्यायची. अनंतरावांपुढेही कप ठेवायची. बैठक संपली की तेवढा एक कप तसाच भरलेला स्वयंपाकघरात परत यायचा, वर जाड साय धरलेला. ती तो सिंकमध्ये ओतून द्यायची.

अहवाल आला. अनंतरावांवर "गंभीर बेफिकिरी" असा ठपका ठेवला आणि अंगणात जाळीचं कपाट करून घ्यावं अशी शिफारस केली. अनंतरावांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी श्यामच्या गटातला देवव्रत अध्यक्ष झाला. श्रीखंडात केशर आलं. जाळीचं कपाट काही आलं नाही.

आणि नमिता, अनंतरावांची बायको, शैलजाची या परक्या मुलखातली एकुलती जिवाभावाची मैत्रीण, वकिलातीत यायची बंद झाली ती आजतागायत. दुकानात भेटली तर बोलायची. कशी आहेस, बरी आहे, पुदिना ताजा दिसत नाही. शैलजाला वाटायचं, यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

तर अशा त्या अंगणात आता श्याम उभा होता. त्याने रिकाम्या सुतळ्या पाहिल्या, फडकी पाहिली, बोक्याकडे पाहिलं. बोक्यानेही त्याच्याकडे पाहिलं, जुनी ओळख असल्यासारखं.

"दुर्दैवी घटना आहे," श्याम म्हणाला.

"बस?"

"मांजर हा शेवटी प्राणी आहे, शैलजा. त्याला काय कळतं? आणि देवव्रत बिचारा नवीन आहे. आता यात कोणी राजकारण आणू नये म्हणजे झालं."

शैलजाने पदर तोंडाला लावला. श्यामला वाटलं, ती हुंदका आवरतेय.

तेवढ्यात भिंतीपलीकडून हमीदचं डोकं वर आलं. पहिल्या चौकशीच्या वेळी त्याला तटस्थ निरीक्षक म्हणून बोलावलं होतं आणि त्याने प्रत्येक बैठकीत मन लावून चकल्या खाल्ल्या होत्या.

"काय शामराव," तो अंगणावर नजर फिरवत म्हणाला, "भित तीच, मांजरां तीच, फडकी पन तीच. मंग समिती कधी बसवतास?"

"हमीद, परिस्थिती वेगळी आहे."

"ती कशी?"

"त्या वेळी बेफिकिरी होती. या वेळी..." श्याम जरा अडखळला. "या वेळी वर्ल्डकपची कामं चाललीयेत. सगळीकडे खोदकाम. सगळी मांजरं बिचारी बेघर होऊन इकडे सरकलीत. हा मोठा प्रश्न आहे. त्याला एकटा अध्यक्ष काय करणार?"

"असा होय!" हमीद गंभीरपणे म्हणाला. "म्हंजे आपला चक्का फिफान खाल्लान." आणि डोकं खाली गेलं.

दुपारी दोह्यात, भाड्याच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. श्रीखंडाऐवजी डब्यातले रसगुल्ले वाढले. देवव्रतने माइकवरून "काही टेक्निकल कारणामुळे मेनूत छोटासा बदल" असं सांगितलं आणि पुणेकरांनी टाळ्या वाजवल्या. नाशिककरांच्या रांगेत कुजबुज झाली, पण ती वाढण्याआधी लेझीम सुरू झालं. श्याम सगळ्यात पुढे बसून ताल धरत होता.  शैलजाला सकाळपासून येत असलेलं हसू आता कुठेतरी टोचायला लागलं होतं.

आणि त्याच वेळी शेजारी बसलेल्या बाईने तिला सहज सांगितलं, "अनंतरावांचं कळलं ना? तेलाचा भाव पडला, मेट्रोवाल्यांनी माणसं कमी केली. कायमचे निघालेत गुरुवारी."

शैलजा रसगुल्ला तसाच टाकून उठली आणि टॅक्सी करून नमिताच्या घरी गेली.

नमिताने दार उघडलं. घरात खोक्यांखेरीज काही नव्हतं. सोफा विकला होता, पलंग विकले होते, पडद्यांच्या जागी नुसते दांडे होते. भिंतीवर फ्रेमांच्या चौकोनी खुणा तेवढ्या उरल्या होत्या.

"बसायला काही नाही," नमिता म्हणाली. "खोक्यावर बस. त्यात पुस्तकं आहेत, मोडणार नाही."

"तू मला सांगितलंसुद्धा नाहीस."

"काय सांगणार? वर्ल्डकप बघायचा होता यांना. स्टेडियम उभी राहायच्या आधीच खलास." ती चिकटपट्टीचं टोक नखाने शोधत होती. "बुधवारी घराची चावी द्यायची. एक रात्र हॉटेल. गुरुवारी फ्लाइट."

"हॉटेल?" शैलजाच्या आवाजातच पाणी आलं. "नमिता, काल आलेली अनोळखी पोरं माझ्याकडे उतरतात. आणि तू जाताना हॉटेलात राहणार? मी मेलेय का?"

नमिताने चिकटपट्टी खाली ठेवली.

"त्या हॉलमध्ये मी पाऊल टाकू शकत नाही, शैला. माझ्या नवऱ्याला तिथे स्टुलावर बसवलं होतं. श्यामभावजींचा मला राग नाही. पुरुषांचे खेळ असतात, त्यांना सगळीकडे मॅचच दिसते. पण तू? तो चक्का तू आणि मी टांगला होता. दोघींनी मिळून. बाथरूममध्ये नको म्हणून आपण दोघी किती हसलो होतो! यांना तर माहीतसुद्धा नव्हतं कुठे टांगलाय ते. तुला सगळं ठाऊक होतं." ती थांबली. "आणि तू चहा देत होतीस."

समितीने शैलजाला कधी विचारलं नव्हतं हे खरं. एकदा ती ट्रे ठेवून "मी काय म्हणते" इतकं म्हणालीही होती, तेव्हा देवव्रत म्हणाला होता, "वहिनी, साखर जरा कमी घाला." रात्री श्यामला सांगू लागली तर तो म्हणाला होता, "तू यात पडू नकोस." आणि ती पडली नव्हती. पण हे सगळं आता नमितापुढे मांडणं म्हणजे पुन्हा एक कप चहा पुढे करण्यासारखंच झालं असतं. ती उठली, नमिताच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघाली. घरी पोचेपर्यंत तिचं ठरलं होतं. बुधवारची रात्र नमिता हॉटेलात काढणार नाही.

शनिवारी संध्याकाळी वकिलातीत कार्यकारिणीची बैठक होती. देवव्रत आला, बाकीचे आले, हमीदही चकल्यांच्या आशेने आला. टीव्हीवर आवाज बंद करून अमेरिकेतली चर्चा चालू होती. श्यामने येणाऱ्या प्रत्येकाला त्या दुटप्पी लोकांबद्दल थोडं थोडं सांगितलं.

"तर, पाडव्याचा कार्यक्रम उत्तम झाला," देवव्रतने सुरुवात केली. "श्रीखंडाबाबत जी घटना घडली त्याबद्दल मंडळ खेद व्यक्त करतं. पुढचा विषय, कोजागिरीचा हॉल."

माना हलल्या. मग सगळ्यांच्या नजरा स्वयंपाकघराच्या दाराकडे गेल्या, कारण या क्षणाला चहा यायचा.

शैलजा आली ती स्टूल घेऊन. तिने ते बरोबर मध्यभागी ठेवलं आणि त्यावर बसली.

"चहा?" कोणीतरी हळूच विचारलं.

"चहा नाही. आधी मला प्रश्न विचारा."

"अगं, काय हे?" श्याम हसून म्हणाला. "माझी बायको ना, सकाळपासून जरा..."

"अहो, तुमची बायको नंतर. ज्या घरावर हल्ला झाला त्या घराची मी बाई आहे. दोन्ही वेळा मी हजर होते. मागच्या वेळी एवढ्या सुनावण्या झाल्या, मला एका शब्दाने कोणी विचारलं नाही. साखर कमी घाला एवढंच सांगितलंत. आज विचारा."

हमीदने घसा साफ केला. "मी तटस्थ हाय, मी विचारतो. वैनी, चक्का भायेर कोनी टांगला?"

"त्या वर्षी मी आणि नमिताने. या वर्षी मी एकटीने."

"अध्यक्षाना ठावक होता?"

"त्या वर्षी नव्हतं. अनंतराव दोह्यात होते आणि हे शिफ्टला. सकाळी मी रडत रडत त्यांनाच फोन केला. म्हणाले, वहिनी, तुम्ही नका रडू, मी बघतो. आणि त्यांनी ग्रुपवर वाऱ्याने पडलं असं टाकलं, का, तर आम्हा दोघींचं नाव कोणाच्या तोंडी येऊ नये. एवढंच दडवलं होतं त्यांनी." तिने श्यामकडे पाहिलं नाही. "आणि या वर्षी? या वर्षी अध्यक्षांनी स्वतः फोन केला, वहिनी, नेहमीसारखं अंगणात टांगा. मी यांना म्हटलं, ते जाळीचं कपाट तुमच्याच समितीने सांगितलं होतं, निदान आता तरी करून घ्या. तर हे म्हणाले, मांजरं काय दरवर्षी येतात?"

हमीदला हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं. देवव्रत आपल्या बोटातली अंगठी फिरवू लागला.

"म्हणजे वहिनी, तुम्हाला समिती हवीय का? माझ्यावर?" त्याने विचारलं. तो खरंच घाबरला होता.

"मला कशाला हवी? मांजरांनी दही खाल्लं. त्यात चौकशी करण्यासारखं आजही काही नाही आणि तेव्हाही नव्हतं. मला हवंय ते एवढंच, की जी झाली ती परत घ्या."

"अगं, झालेली चौकशी परत कशी घेणार?" श्याम म्हणाला. आवाजातला जोर गेला होता.

"ते मला नाही ठाऊक." शैलजाने टीव्हीकडे बोट दाखवलं. "त्या बेनगाझीत चार माणसं गेली ना? त्यांची नावं सांगा बरं मला."

श्यामने तोंड उघडलं. त्याला समितीच्या अध्यक्षाचं नाव येत होतं, सगळ्या सदस्यांची नावं येत होती, कोण कोणत्या राज्याचा तेही येत होतं. गेलेल्यातल्या एकाचंही नाव येईना.

"बघा," शैलजा म्हणाली, आणि आता तिचे डोळे भरून आले. "ते तिकडचे असू देत नाही तर तुम्ही. ज्यांचं गेलं त्यांना कोणीच विचारत नाही. माझं काय गेलं ते ठाऊक आहे कोणाला? दही नाही गेलं. माझी मैत्रीण गेली. गुरुवारी तर देश सोडून चाललीय, आणि जाताना हॉटेलात राहणारेय."

श्याम गालिच्याकडे बघत होता. अनंतराव निघालेत हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. बहुतेक लोकांना वाटलं असावं, की त्याला ते आवडेल.

"गुरुवारी?" त्याने विचारलं.

"गुरुवारी."

तो उठला. शैलजा बाजूला झाली, कारण त्याने सरळ स्टुलालाच हात घातला होता. ते उचलून तो गाडीपाशी गेला आणि डिकी उघडून त्यात ते आडवं घालू लागला. आत बसलेल्या कार्यकारिणीला काय चाललंय ते कळेना.

"बैठक?" देवव्रतने विचारलं.

"खलास," हमीद म्हणाला. "यल्ला, घरी जावा सगळी."

मेसईद ते दोहा रस्त्यावर जागोजागी खणलेलं होतं, वळण घ्या, हळू चला, २०२२ असे फलक लागले होते. सिग्नलला थांबल्यावर श्याम म्हणाला, "मला तेव्हा मजा येत होती गं. सगळे माझ्याकडे बघून बोलत होते." शैलजाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

दार अनंतरावांनीच उघडलं. समोर श्याम, आणि त्याच्या हातात ते स्टूल. उंच माणूस दारातच जरा वाकला.

"आत येऊ का?"

"ये. बसायला मात्र..."

"मी आणलंय." श्यामने ते स्टूल रिकाम्या खोलीच्या मधोमध ठेवलं आणि त्यावर बसला. गुडघे वर आले. "विचारा, अनंतराव. काय विचारायचं ते विचारा."

अनंतराव पुस्तकांच्या खोक्यावर बसले. त्यांनी श्यामकडे पाहिलं, मग शैलजाकडे, मग आतल्या दारात येऊन थांबलेल्या नमिताकडे. भिंतीवरच्या चौकोनी खुणांकडेही जरा वेळ पाहिलं.

"मांजरं बरी आहेत ना?" त्यांनी विचारलं.

श्याम हसला आणि हसताहसता त्याचा आवाज फुटला. "चुकलो मी. तुमच्या वेळी मला मांजर दिसलंच नाही हो. तुम्ही दिसलात. आणि या वेळी देवव्रत दिसला नाही, नुसती मांजरं दिसली." त्याने चष्मा काढून पुसला. "तुम्ही वाऱ्याने पडलं म्हणालात, ते का म्हणालात, हे मला आज कळलं. माझ्या बायकोला वाचवायला. आणि मी माझ्याच घरात तुम्हाला त्याबद्दल विचारत होतो."

"जाऊ दे."

"जाऊ नका देऊ इतक्यात. बुधवारी आमच्याकडे या. आणि वर्ल्डकपला याल तेव्हा परत या."

अनंतराव नमिताकडे बघत होते, कारण हा निकाल त्यांच्या हातातला नव्हता. नमिता आत वळली.

शैलजा तिच्या मागोमाग गेली. ओट्यावर एकच पातेलं शिल्लक होतं, शेजाऱ्याला द्यायचं राहिलेलं, आणि कागदी कपांची चळत. नमिताने पाणी ठेवलं. शैलजाने साखरेची पुडी शोधून दिली. दोघी बाजूला उभ्या राहून आधण यायची वाट बघत राहिल्या.

"मी बोलायला हवं होतं," शैलजा म्हणाली.

"हो," नमिता म्हणाली. "हवं होतं." मग पातेल्यावर झाकण ठेवताना तिने विचारलं, "आज खरंच चहा दिला नाहीस त्यांना?"

"थेंबभर नाही. हमीदभाईंच्या चकल्यासुद्धा राहिल्या."

नमिता खुदकन हसली. ते हसू शैलजा दोन वर्षांनी ऐकत होती. नमिताने चहा गाळला, दोन कप उचलले आणि जाताजाता म्हणाली, "कप मी नेते. तू ये."

बाहेर तिने एक कप स्टुलावरच्या श्यामला दिला, दुसरा खोक्यावरच्या अनंतरावांपुढे धरला. "घ्या," ती नवऱ्याला म्हणाली, "आणि ते हॉटेलचं बुकिंग रद्द करून टाका."

अनंतरावांनी कप घेतला. शैलजा दारातून बघत होती, इतकी टक लावून, की श्यामनेही आपला चहा तोंडाशी नेता नेता थांबवला. त्यांनी फुंकर घातली, एक घोट घेतला, साखर जास्त झाली असं म्हणाले, आणि गप्पा मारतामारता सावकाश सगळा प्यायले. मग शैलजा पुढे झाली आणि तिने तो रिकामा कागदी कप त्यांच्या हातातून घेतला. आत डोकावून पाहिलं. तळाला चहाची भुकटी तेवढी होती, साय कुठेच नव्हती.